हसत होती का?

भगवंतराव बोम्मसंद्र्यातल्या एका केबल कारखान्याची बस चालवायचे. सकाळी बेंगळूरच्या शिवाजीनगरहून कामगार बायकांना न्यायचं, संध्याकाळी आणून सोडायचं. घराणं कित्येक पिढ्या तिथलंच. त्यामुळे घरात मराठी, बाहेर कानडी, आणि गाडी चालवताना दोन्ही बंद. आपण डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलतो, याचा त्यांना बारीकसा अभिमान होता.

एका गुरुवारी संध्याकाळी पॅकिंगमधली भाग्यलक्ष्मी सगळ्यांच्या शेवटी धावत आली. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी.

"स्वल्प लवकर यायला काय होतं?" भगवंतराव म्हणाले आणि त्यांनी गाडी काढली.

पुढच्या आठवड्यात कळलं, तिनं तक्रार केली होती. स्टोअरचे सुपरवायझर व्यंकोजी यांनी त्या गुरुवारी माल मोजायच्या निमित्तानं तिला गोदामात बोलावलं, दार लावून घेतलं आणि अंगाला हात घातला. ती कशीबशी सुटून पळाली.

व्यंकोजी भगवंतरावांचे लांबचे मेहुणे. नवरात्राचे उपास धरणारे, बायकांशी खाली मान घालून बोलणारे. असला माणूस असं करेल का, असं भगवंतरावांनी स्वतःला विचारलं आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं.

चौकशी समितीच्या आसावरी मॅडम पुण्याच्या. साक्षीला मराठी माणूस आला म्हणून त्यांना बरं वाटलं.

"काका, शुक्रवारी सकाळी बसमध्ये ती कशी होती? रडत वगैरे?"

"नाही. हसत होती."

"हसत?"

"शेजारच्या सुमाचा वाढदिवस होता. केक कापला. हिनं तिच्या गालाला क्रीम फासलं. सीटलाही लागलं. ते मी पुसलं."

"थँक्यू काका. हे फार इम्पॉर्टंट आहे."

गुरुवारी संध्याकाळचं कुणी विचारलं नाही. भगवंतरावांनीही सांगितलं नाही. विचारलं तेवढंच बोलावं हा त्यांचा नियम होता आणि त्या दिवशी तो सोयीचाही होता.

आरोप सिद्ध होत नाही, असा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी तक्रारदार हसतखेळत होती, हे त्यात कारण म्हणून लिहिलं होतं. व्यंकोजींनी भगवंतरावांच्या घरी मैसूरपाक पाठवला. बसमध्ये भाग्यलक्ष्मीच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. सुमासुद्धा तिथं बसेना.

एका संध्याकाळी उतरताना भाग्यलक्ष्मी भगवंतरावांजवळ थांबली.

"अण्णा, तुम्ही खोटं नाही बोललात. हसतच होते मी. सुमाचा वाढदिवस होता. त्या दिवशी तिला मी काय सांगणार होते?"

आणि उतरून गेली.

घरी मालनबाई अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. भगवंतरावांनी बायकोला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "एवढं झाल्यावर कुठली बाई दुसऱ्या दिवशी हसेल गं?"

"थोरले भावजी, तुमचे दादा, गेल्याचा फोन आला, तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"गाडीवर. बदली ड्रायव्हर नव्हता, पाळी पुरी करून आलो."

"मधे चहाला थांबला होता. तिथं हत्तीचा विनोद सांगितलात. नंतर तुम्हीच मला सांगितलं होतं."

विनोद त्यांनी सांगितला होता, आणि सगळ्यांत जास्त तेच हसले होते.

"मग भावजी मेले नव्हते?" असं म्हणून मालनबाईंनी अर्ध्या शेंगा त्यांच्याकडे सरकवल्या.

त्या सोलता सोलता ते म्हणाले, "तिच्या पायात एकच चप्पल होती."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी."

मालनबाईंचे हात थांबले. "हे सांगितलंत तिथं?"

"विचारलं नाही."

"तुम्हाला तोंड नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी भगवंतराव आसावरी मॅडमसमोर उभे राहिले.

"पण काका, फाइल क्लोज झालीय. तेव्हाच का नाही बोललात?"

"व्यंकोजी आमच्यातला म्हणून." एवढं बोलायलाही त्यांना वेळ लागला. "ती माझी चूक. हसण्यावरून निकाल लावलात, ती तुमची."

मॅडमनी पेनचं टोपण काढलं आणि सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी भाग्यलक्ष्मीला वरती अपील करायला सांगितलं आणि भगवंतरावांचा नवा जबाब सोबत जोडला. या वेळी बाहेरचे अधिकारी आले. त्यांनी झाडूवाल्याला विचारलं. गोदामात एक बायकी चप्पल सापडली होती, कुणाची तरी जुनी समजून त्यानं ती टाकून दिली होती. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

व्यंकोजींची नोकरी गेली. नात्यातल्या लोकांनी भगवंतरावांना लग्नामुंजीला बोलावणं सोडलं. मालनबाई म्हणाल्या, रविवार मोकळे झाले.

भाग्यलक्ष्मी तोवर शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या नावाच्या भागातल्या एका कारखान्यात लागली होती. भगवंतरावांनी तिला फोन करून निकाल सांगितला. मग म्हणाले, "अम्मा, माझं चुकलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ती म्हणाली. मागं मशिनचा आवाज येत होता. "सरी, बरं अण्णा, ठेवते. कामावर आहे."