डिफरन्शियलमधलं तेल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. हजला गेलो, तिथेही ओठांवर आलं आणि परत फिरलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही हुसेनभायला ओळखत नव्हता — ओळखत असता, तर माझा धीर झाला नसता.

हुसेनभाय आमच्या गावचा, रत्नागिरीकडचा. माझ्याहून वयाने बराच मोठा. त्यानेच मला कुवेतला आणलं, आपल्या अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या गॅरेजात चिकटवलं. बनेद अल-गारच्या खोलीत आपली गादी मला दिली आणि स्वतः चटईवर झोपला. तो ट्रक चालवायचा, मी दुरुस्त करायचो. साठ सालानंतरचे ते दिवस. जिकडेतिकडे बांधकामं, सिमेंटचे ट्रक सारखे धावत. दर फेरीआधी हुसेनभाय मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांच्या डब्याचं, वरचं बूच काढून आत बोट घालायचा. बोट तेलाने ओलं निघालं, की बिस्मिल्ला म्हणून गाडी काढायचा. आम्ही त्याची थट्टा करायचो.

एकदा त्याचा ट्रक मागून आवाज करू लागला. अॅक्सिलेटर दाबला की घुंऽऽ, सोडला की गप्प. मी शेजारी बसून नुसतं ऐकलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं — पिनियनचं, त्या डब्यातल्या लहान चक्राचं, बेअरिंग गेलंय. खोललं, तर बरोबर निघालं. माझ्या कानाचं कौतुक झालं. हवा तेव्हा डोक्यात गेली? की आधीपासूनच होती?

नवं बेअरिंग बसवलं, की मोठ्या चक्राच्या दातांना शेंदूर लावून ते फिरवून बघायचं. शेंदूर जिथे पुसला जातो, तिथे दात टेकतात. मध्यावर टेकले तर ठीक. माझे — अगदी टोकावर टेकत होते. मी ते पाहिलं, स्वच्छ पाहिलं. पुन्हा सगळं खोलून आतल्या पत्र्या बदलायला हव्या होत्या. पण 'एका फटक्यात बसवतो' असं मी चार माणसांत बोलून बसलो होतो. मी चिंधी घेतली आणि शेंदूर पुसून टाकला.

एवढंच असतं, तर कधीतरी बोललोही असतो. कामात चूक कोणाची होत नाही?

अबू हलीफाच्या वाटेवर, हुसेनभायच्या भरल्या ट्रकचे तेच दात तुटले आणि चाकं जाम झाली. निरोप मिळताच मी गेलो. अरबाब मागून येत होता. हुसेनभाय म्हणाला, "तू आलास ना, आता मना फिकीर नाय." आणि तो ट्रकच्या सावलीत जोहरच्या, दुपारच्या नमाजला उभा राहिला.

मी ट्रकखाली सरपटलो. खालचं बूच काढलं. गरम तेल वाळूत पडलं — पुष्कळ होतं, त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. मी बूच परत बसवलं आणि तेलावर वाळू ओढली. पलीकडे तो सजद्यात, कपाळ जमिनीला टेकून होता. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे मी पाहिलेत; मी तर त्या घराचा वासाच काढून घेतला.

अरबाबला म्हणालो, "आत तेल नाही. ड्रायव्हरने बघितलं नाही." तेलाशिवाय चाललेले दात तापून निळे पडतात. हे निळे नव्हते. पण अरबाबला ते कुठून कळणार?

हुसेनभायला काढून टाकलं. बोटीवर चढताना त्याने माझा हात धरला. "दाऊद, मी बोट घातला होता रे. मना आठवता. घातला होता ना?"

मी म्हणालो, "माणूस विसरतो, हुसेनभाय."

नोकरी गेली, ती गेलीच. पण त्या वाक्याने काय केलं, ते मला पहिल्या रजेवर दिसलं. त्याने पुन्हा गाडी हातात धरली नव्हती. दाराला कडी लावायचा आणि परत येऊन बघायचा. नमाज पढून व्हायची आणि बायकोला विचारायचा, "मी पढलो ना?" तिने हो म्हटलं, तरी पुन्हा पढायचा. मला मात्र जेवायला बसवून गावाला सांगायचा — पोरगा खोटा बोलणार नाय, चूक माझीच.

मी जेवलो. दर रजेत जेवलो. त्याच्या जनाज्याला खांदाही दिला.

त्याने बोट घातलं होतं. त्या सकाळी मी तिथेच उभा होतो. बोट ओलं निघालं होतं.