मायाक्काच्या गालातलं तांबडं

नातेपुत्याकडची आमची धनगरं ज्वारीची सुगी सरली की मेंढरं घेऊन सोलापूरच्या काळ्या रानात उतरायची. रात्री शेतात मेंढरं बसवायची, त्या खताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचं, आणि पुढच्या शिवाराची वाट धरायची. या चालत्या माणसांतली मायाक्का. उंच, काटक, उन्हानं तापलेल्या कातळाच्या रंगाची. मेंढीची जखम बघायची तिची रीत साधी होती. वरची पांढरी खपली गळून खाली तांबडं, ओलं मांस दिसलं, की जनावर वाचलं.

मायाक्का आणि तिची सासू राजाबाई, दोघींत तंबाखूचा बटवा एकच. चुना लावून चिमूट डाव्या गालात धरायची आणि दिवसभर मेंढरांमागं चालायचं. राजाबाईच्या गालात आतून पांढरा, जाड चट्टा होता. मायाक्काच्याही गालात तसाच, पण लहान. पांढरं म्हटलं की लोकांना कोडाची शंका, आणि कोड म्हटलं की घरातल्या लेकरांची लग्नं अडली. म्हणून तेहतीस सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला, तळ देगावच्या रानात असताना, मायाक्का सासूला सोलापुरात डॉक्टर सिद्धलिंगप्पांकडं घेऊन गेली. स्वतःची काळजी तिला उरली नव्हती. तिचं पांढरं गळून खाली तांबडं दिसायला लागलं होतं.

डॉक्टरांनी राजाबाईचा गाल बोटानं दाबून पाहिला.

"कधीपासून आहे, म्हातारे?"

"हिचा नवरा, माझा येडू, पोटात हुता तवापासनं."

"कोड नव्हे हे. तंबाखू सोड, आणि दरसाल दाखवत जा."

"तंबाखू सोडू? मग गालात काय धरू, तुमचं बोट?"

मायाक्का खळखळून हसली. त्या हसण्यात डॉक्टरांना तिचा गाल आतून दिसला.

"बाई, तू ये इकडं. उजेडात तोंड उघड."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मायाक्का म्हणाली, "माझं बरं व्हायलंय की. नवं मांस आलंय. दुखत न्हाय, खुपत न्हाय."

"नवं मांस नव्हे ते. म्हातारीसारखे पांढरे चट्टे बहुतेक जन्मभर तसेच राहतात. भीती मला अशा तांबड्याची वाटते. यातून कर्करोग होतो."

तो रोग तिनं पाहिला होता. त्यांच्याच भावकीतल्या धुळाच्या गालाला भोक पडलं होतं, पाणी प्यायला की बाहेर सांडायचं.

"हुतोच?"

"होईलच असं सांगता येत नाही. होणार नाही, असंही नाही. आज थोडंसं कापून भागेल. घट्ट गाठ झाली, की माझ्या हातात काही नाही."

"उद्या तळ हलायचा हाय. माघारी येताना आलं तर?"

"तोवर ते थांबेल की नाही, हे मला कळतं तर मी तुला भीती कशाला घातली असती?"

तळावर आल्यावर नवरा येडू म्हणाला, "डॉक्टरला कापायलाच येतंय. चल गप."

राजाबाईनं गाल फुगवला. "माझा बघ केवढा थोरला. आन मी हाय की लोखंडावानी!"

तळ मोहोळकडं हलला. मायाक्का चालत होती, पण जीभ गालाला जाऊन जाऊन लागत होती. दिवसातून कितीदा तरी ती बोट घालून चाचपायची. वाटायचं, झालं घट्ट. पुन्हा दाबलं की मऊ. रात्री कुत्री निजली तरी ती कुशी बदलत राही. एकदा अशीच बोट तोंडात घालून उभी राहिली आणि मेंढरं पुढं निघून गेली. तिच्या मागं आजवर कधी कोकरू राहिलं नव्हतं. त्या दिवशी एक राहिलं, लांडग्यानं नेलं.

येडू ओरडला, "ध्यान कुटं असतंय तुजं?"

"गाठ हुतीया का बघतीया," ती म्हणाली, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून चपापली. जे व्हायला नको, त्याचीच ती रोज वाट बघत होती.

सकाळी तिनं डोक्यावर घोंगडं घेतलं. "मी सोलापूरला निघाले."

येडू काही बोलायच्या आत राजाबाईनं बटवा कनवटीला खोचला. "थांब, मीबी येते. येकटीनं गाल फाडून घिऊ नगं."

डॉक्टरांनी कापलं, शिवलं. टाके निघाले त्या दिवशी मायाक्कानं विचारलं, "ठिवलं असतं, तर झाला असता का वो?"

"ते आता कुणालाच कळायचं नाही, बाई."

ते तिला कधीच कळलं नाही. येडू वरीसभर टोमणा मारायचा, "बरा गाल कापून आली." राजाबाई तिचा पांढरा चट्टा आणि तंबाखू घेऊन म्हातारपणानं गेली. मायाक्कानं मात्र पुन्हा चिमूट धरली नाही. जीभ तेवढी त्या खळग्याकडं जायची, ती जन्मभर.

मेंढीच्या जखमेत तांबडं दिसलं की तळावरची माणसं आधीसारखीच म्हणायची, "वाचली की गं, सोड तिला."

मायाक्का जखमेवर बोट ठेवून तशीच बसायची. "ऱ्हाऊ दे," म्हणायची. "उद्या परत बघू."