दार उघडणारा किल्लेदार

कॉलेजात मराठी शिकवत होते तेव्हापासून मनात होतं, निवृत्त झाले की एक ऐतिहासिक कादंबरी लिहायची. नायक मात्र ठरत नव्हता. पुण्याच्या प्रकाशकांना सगळ्यांच्या ओळखीचा कुणीतरी हवा होता. मला सापडला तो सुलतानांच्या काळातला एक किल्लेदार. एका बखरीत त्याच्या वाट्याला जेमतेम दीड ओळ आलेली. ऐन उन्हाळ्यात किल्ल्याला वेढा पडला, आतली विहीर आटली, यानं दार उघडून दिलं आणि आतली सगळी माणसं जिवंत बाहेर काढली. पुढं त्याच्याच सुलतानानं त्याला हत्तीच्या पायी दिलं. बस्स, एवढंच. त्याचं गाव कुठलं, घरात कोण होतं, काही नाही. मला तो फार आवडला.

हे सांगायला घरात एकच माणूस होता, माझा थोरला भाऊ. दादा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. वहिनी गेल्यावर मोहोळच्या घराला कुलूप लावून तो माझ्याकडं सोलापुरात राहायला आला होता. मीही एकटीच.

"दार उघडलं?" त्यानं हातातला पेपर खाली ठेवला. "आनि त्यो तुजा नायक?"

"मग काय करायचं होतं त्यानं?"

"लडायचं की."

"पाण्याशिवाय?"

"बाय, शिपाई पान्यावर लडतो म्हनून तुला कुनी सांगितलं?"

त्या दिवसापासून आमचं रोजचं भांडण सुरू झालं. मी प्रकरण लिहायची, दादाला वाचून दाखवायची, आणि तो मान हलवायचा. सकाळी फिरायला आम्ही भुईकोट किल्ल्यात जात असू. तिथं बुरुजाखाली उभा राहून तो विचारायचा, "हितं किती मानसं ठेवली त्यानं? आनि रातच्याला कोन?" मला सांगता यायचं नाही. मग घरी येऊन मी ते पान पुन्हा लिहायची. आयुष्यभर फौजेबद्दल अवाक्षर न काढणारा माझा भाऊ त्या किल्लेदाराच्या निमित्तानं थोडं थोडं बोलायला लागला. बर्फातल्या कुठल्याशा ठाण्यावर वाट बंद झाली होती, ठाणं सोडायचा हुकूम आला नव्हता, म्हणून ही माणसं तिथंच राहिली. "मग?" मी विचारलं. "मग काय, थंडी लई हुती," म्हणाला आणि चालायला लागला. त्याच्याबरोबरची किती परत आली ते मी विचारलं नाही. त्यानं सांगितलंही नाही.

विसरायला कधी लागला ते नेमकं सांगता येत नाही. चष्मा, औषधं, शेजाऱ्यांचं नाव. वय झालं, असं मी म्हणत राहिले. मग एका दुपारी बाजारातून आले तर घरभर पाणी भरून ठेवलेलं. बादल्या, पातेली, कुकर, डबे, वाट्यासुद्धा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आलं की सगळेच भरतात, म्हणून मला आधी काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. मी एक तांब्या उचलून तोंडाला लावला तर दादानं माझं मनगट धरलं.

"ठेव खाली. मानसं किती हायत, ठावं हाय का तुला?"

"कुठली माणसं, दादा?"

नवख्या पोरानं काहीतरी भलतंच विचारावं, तसं त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आतली," म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं पाणी प्यायचं सोडलं. चहा नाही, ताक नाही. मी ग्लास पुढं करायची, तो हातानं बाजूला सारायचा. बाहेर वैशाखाचं ऊन, सिमेंटचं घर तव्यासारखं तापलेलं, आणि माझा भाऊ खुर्ची दाराला लावून बसलेला. ओठ फुटले, जीभ कोरडी पडली. मी रागावले, रडले, हात जोडले. शेवटी मास्तरीण म्हणून जो आवाज आयुष्यभर वापरला तो काढला आणि म्हणाले, "मी किल्लेदार बोलतोय. सुभेदार, पाणी प्या. हुकूम आहे."

तो ताडकन उठून उभा राहिला. पाय लटपटत होते, पण पाठ ताठ. म्हणाला, "साहेब, आदी पोरास्नी द्या."



संध्याकाळी तो कोसळला. दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. मी सगळं सांगितलं, कादंबरीसकट. त्या म्हणाल्या, "तुमच्या कादंबरीनं हा स्मृतिभ्रंश झालेला नाही. कुणी या आजारात मनातल्या मनात दुकान चालवतो, कुणी शाळेत जातो. यांना वेढा मिळाला." मी मान डोलावली. घरी आल्यावर वाटलं, वेढा मिळाला खरा, पण त्याचं दार कुठं आहे?

शेवटचं प्रकरण अजून लिहायचं होतं. ते मी दादासाठी लिहिलं, घाईघाईत, त्याला कळेल अशा भाषेत. दुपारी त्याच्या उशाशी बसून वाचलं. किल्लेदारानं दार उघडलं. आधी बाया-पोरं गेली, मग जखमी, मग शिपाई. बाहेर ओढ्याला पाणी होतं.

"समदी गेली?" दादानं विचारलं.

"सगळी."

"आनि त्यो?"

"तो मागं राहिला."

मग मी ओठांना लावलेला ग्लास त्यानं अडवला नाही. मला वाटलं, जिंकले. पण सकाळी उठला तेव्हा पुन्हा वेढा पडलेला होता आणि पुन्हा दाराशी खुर्ची. मग रोज तेच पान वाचायचं. कधी तो प्यायचा. कधी म्हणायचा, "खोटं हाय. असा हुकूमच न्हाय आला." त्या दिवशी मी काहीही केलं तरी थेंब आत जात नसे.

पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा मुलगा टेंभुर्णीहून गाडी घेऊन आला. त्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, घरी माणसांचा राबता असतो. "आत्या, तुमच्यानं आता व्हायचं न्हाय," म्हणाला. खरंच होतं. गाडीत बसताना दादानं मागं वळूनही पाहिलं नाही.

प्रकाशकांचा फोन आला होता. शेवट बदला, किल्लेदार दारातच लढता लढता पडू दे, वाचकाला ते आवडतं, म्हणाले. मी विचार करते म्हटलं. ते पान बदलायला बसले की दादाचे फुटलेले ओठ दिसतात आणि पेन बाजूला ठेवते. पान आहे तसं ठेवून द्यावं तर तेही जमत नाही.

मधे टेंभुर्णीला जाऊन आले. सूनबाई म्हणाली, आता काही त्रास नाही, देऊ ते खातात, देऊ ते पितात. दादा ओट्यावर बसला होता. दाढी केलेली, सदरा स्वच्छ. मी शेजारी बसले. त्यानं थोडं सरकून मला जागा दिली.

"कुटनं आलात?" त्यानं विचारलं.

"सोलापूरहून."

"लांबनं आलात की," तो म्हणाला, आणि आतल्या बाजूला बघून त्यानं पावण्यांसाठी चहा सांगितला.