नवा करार झाला म्हणून जुना रद्द?

मंडळी, आज सकाळी चर्चमध्ये आईनं सगळ्यांसमोर माझी बोलती बंद केली, आणि मला तिचा लई अभिमान वाटतोय.

नवी पेठेत माझं टायपिंगचं दुकान आहे. रोज भाडेकरार टाइप करतो. नवा झाला की जुना रद्द, एवढंच डोक्यात बसलेलं. उपासनेनंतरच्या बायबल अभ्यासात मी तेच ठोकून दिलं, "येशूत नवा करार झाला, म्हणून देवानं अब्राहामाच्या वंशाशी, म्हणजे यहुद्यांशी, केलेला जुना करार संपला. आता त्यांच्या जागी आपण ख्रिस्ती."

मागच्या बाकावरून आई उठली. चौथीपर्यंत शिकलेली माझी आई.

"धाकटं घरात आलं म्हणून थोरल्याचं नाव रेशनकार्डातनं कापत्यात व्हय रं?"

लोक हसले. मला हसू येईना. आमच्या घरात थोरला दादा आईच्या पोटचा, आणि मी दत्तक. दादा सहा वर्षं घरी आलेला नाही, माझ्याशी तर बोलतच नाही. तरी कार्डावर त्याचं नाव आजही माझ्या वर आहे.

आई थांबली नाही. "देव यहुद्यांना शब्द देऊन फिरला असता, तर तुला दिलेल्या शब्दाचा काय भरवसा? मी पोटच्याचं नाव खोडलं असतं, तर तुला माझ्या घरात झोप लागली असती व्हय?"

खरंच की. पहिल्यांना दिलेला शब्द तो मोडत नाही, म्हणून तर मागून आलेल्या आपली जागा पक्की.

दुपारपासून दादाचा नंबर समोर काढून बसलोय. पहिलं वाक्य काय बोलू? सुचवा.