गप्प बसणाऱ्यांचं निवेदन

माणसं बोलली की किस्से होतात, असं लोक समजतात. साफ चूक. मी ज्या मंडळात जातो तिथं माणसं तास तास तोंड उघडत नाहीत, आणि तरी माझ्याकडं किश्शांचं पोतं भरलंय. पुण्याला फोन केला की मित्र म्हणतात, लिहून काढ. मी सातवी नापास. भोसरीच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं वायरमन होतो. पेनापेक्षा टेस्टर हातात बरा वाटतो. पण तुम्हीच मागं लागलात, आता वाचा.

मुलगा जपानात, आधी त्सुकुबाला होता, आता दुसऱ्या प्रांतात एका विद्यापीठात आहे. गावाचं नाव लिहीत नाही, सूनबाई नको म्हणाली. तिचं नाव अस्मिता. तीही तिथंच हवामानाचा अभ्यास करते. माझी बायको गेल्यावर या दोघांनी मला इकडं आणलं. पहिले सहा महिने मी घरात बसून टीव्हीशी भांडलो. टीव्ही जपानी, मी मराठी, त्यामुळं निकाल लागत नव्हता. शेवटी अस्मिता म्हणाली, "बाबा, रविवारी माझ्याबरोबर चला. तिथं जपानी आलं नाही तरी चालतं."

ते क्वेकर लोकांचं मंडळ निघालं. येशूला मानणारेच, पण यांच्यात पाद्री नाही, मूर्ती नाही, घंटा नाही, गाणं नाही. एक खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, बारा-तेरा माणसं, बहुतेक माझ्या वयाची. सगळे बसले. मी वाट बघतोय, आता कुणीतरी सुरू करेल. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मला वाटलं, आपण यायच्या आधी इथं कडाक्याचं भांडण झालेलं असणार. तासाभरानं सगळ्यांनी शेजाऱ्याचा हात हातात घेतला आणि चहा आला.

गाडीत मी अस्मिताला विचारलं, तासभर काय केलं म्हणून.

"वाट पाहिली. आतून काही आलं तर उभं राहून बोलायचं. नाही आलं तर नाही बोलायचं."

"आणि कुणालाच नाही आलं तर?"

"मग चहा, बाबा."

पुढच्या रविवारी मी तिच्या आधी बूट घालून दारात उभा. अख्ख्या जपानात ही एकच जागा अशी की जिथं माझं जपानी आणि त्यांचं जपानी सारखंच.

* * *

तिसऱ्या की चौथ्या रविवारी माझ्या गुडघ्यात कळ आली. बसवेना म्हणून उभा राहिलो. तर सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. उभा राहिला म्हणजे याला आतून काहीतरी आलंय!

आता नुसतं खाली बसणं बरं दिसेना. मी मराठीत म्हणालो, "फार वेळ एका जागी बसलं की पाय आखडतो." आणि बसलो.

त्यानंतर जी शांतता पसरली, तशी मी आजवर पाहिलेली नाही. चहाच्या वेळी ओकाबे-साननी अस्मिताला अर्थ विचारला. ओकाबे-सान (सान म्हणजे आपलं 'जी') हे निवृत्त शाळामास्तर, मंडळाचे सचिव. तिनं जे होतं ते सांगितलं. पुढच्या महिन्याच्या पत्रकात छापून आलं: आपले भारतीय मित्र मोरे-सान यांनी आठवण करून दिली, की जो समाज फार काळ एका जागी बसतो त्याचे पाय चालणं विसरतात.

मी अस्मिताला म्हणालो, खुलासा कर. ती म्हणाली, राहू द्या बाबा, तुमच्याबद्दल कुणी पहिल्यांदाच काही चांगलं छापलंय.

* * *

पण हे लोक नुसते गप्प बसत नाहीत. कायद्यात नाक खुपसतात. प्रांताच्या विधानसभेत हवामानाचा नवा कायदा यायचा होता. मसुदा अस्मितानं मला वाचून दाखवला. त्यात झाडं होती, विजेच्या गाड्या होत्या, हायड्रोजन होता, येणाऱ्या पिढ्या होत्या. आत्ता जी पिढी उकाड्यात मरायला टेकलीय, ती कुठंच नव्हती.

त्या पिढीचं नाव होशिनो-सान, आमच्याच मंडळातल्या. वय त्र्याऐंशी, उंची माझ्या खांद्याएवढी, सरकारी चाळीत चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात. लिफ्ट नाही, कूलर नाही; इथं एसीला कूलर म्हणतात. मी विचारलं, कूलर का नाही? त्या हसून काहीतरी म्हणाल्या. अस्मितानं सांगितलं, लावून देणारा माणूस येऊन गेला, घरातली वीज बघून परत गेला म्हणे.

हे काही मला पटेना. एका दुपारी टेस्टर खिशात घालून गेलो. बोर्डाचं झाकण उघडायला बंदी आहे, जपानीत लिहिलेलं होतं, मला कुठं वाचता येतं? उघडलं. अख्ख्या घराला वीस अँपिअरचा मेन. व्होल्ट शंभरच, आपल्या निम्म्याहून कमी. कुकर लावला की इस्त्री बंद. भिंतीतली वायर त्यांच्या लग्नाच्या वेळची असावी. त्यावर कूलर लावला की पहिल्या दिवशी अंधार आणि दुसऱ्या दिवशी आग. आणि भिंत प्रांताची, वायर प्रांताची, म्हणून भाडेकरूनं हात लावायचा नाही.

होशिनो-सान शेजारी उभ्या राहून विचारत होत्या, "दाइजोबु?" म्हणजे सगळं ठीक ना?

मी मराठीत म्हणालो, "बाई, हे घर नाही, पेटी आहे." त्यांनी मान हलवली आणि मला थंड चहा दिला. तेव्हापासून आमचं असंच चालतं. मी मराठी, त्या जपानी. अडत काही नाही.

* * *

मग होशिनो-सान उन्हाळ्यात दुपारी काय करतात, ते मला सुपरमार्केटमध्ये कळलं. अस्मितानं मला तोफू आणायला पाठवलं होतं. फ्रोझन मालाच्या रांगेत होशिनो-सान उभ्या. हातात टोपली, टोपलीत काही नाही. मटारापासून सुरुवात करायची, मासळीपर्यंत जायचं, मग आइस्क्रीमशी थांबायचं, परत मटार. त्यांच्या मागं त्याच चालीनं आणखी दोन म्हाताऱ्या आणि एक म्हातारा. कुणी कुणाशी बोलत नाही.

मला वाटलं, आपलं मंडळ रविवारी भरतं, यांचं रोज भरतं, आणि यांचा हॉल जास्त थंड आहे.

मीही त्यांच्या मागं चार फेऱ्या मारल्या. घरी गेलो तर अस्मिता म्हणाली, एवढा वेळ? मी म्हणालो, "प्रार्थनेला गेलो होतो." तोफू विसरलो होतो.

* * *

मंडळानं ठरवलं की कायद्यात एक कलम घाला, असं निवेदन विधानसभेला द्यायचं: प्रांताच्या जुन्या चाळींमधली वायरिंग बदला आणि म्हाताऱ्यांच्या खोल्यांना कूलर बसवा. मी म्हणालो, पाच मिनिटांचं काम आहे, हात वर करा.

इथं हात वर करत नाहीत. मत घ्यायचंच नाही, ही यांची रीत. सचिव ठराव तिथंच लिहितो, वाचून दाखवतो, मग सगळे गप्प बसतात. एकाच्या जरी मनात खुपलं, तरी ठराव पुढच्या महिन्यावर. आमच्या भोसरीच्या सोसायटीत खुर्च्या फेकायचो, पण त्याच दिवशी निकाल लागायचा.

पहिला ठराव एप्रिलमध्ये वाचला. खुपला. कुणाला, तर होशिनो-सानना. जिच्यासाठी चाललंय तीच आडवी. त्या म्हणाल्या, त्यात माझं एकटीचं नाव आहे, आमच्या जिन्यावर अकरा म्हातारी माणसं आहेत. अकराही घाला, नाहीतर मलाही काढा.

मग अकरा जणांना भेटणं आलं. त्यातल्या एकाला नाव नको होतं, एकीला ऐकू येत नव्हतं, एक पुरुष दारच उघडेना. मे गेला, जून गेला, जुलै गेला. दर महिन्याला ओकाबे-सान शांतपणे वाचणार, कुणीतरी शांतपणे खुपवून घेणार. मी चहाला बडबड करायचो. अस्मिता त्यातलं निम्मं भाषांतर करायची, म्हणून मी अजून मंडळात आहे.

ठरावाला सगळ्यांची संमती मिळाली तेव्हा होशिनो-सान तिथं नव्हत्या. ऑगस्टमध्ये घरात कोसळल्या होत्या, दवाखान्यात होत्या. शेजारणीनं सांगितलं की त्यांना स्ट्रेचरवर घालून खाली नेत होते, तेव्हा त्या प्रत्येक मजल्यावर अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांची माफी मागत होत्या. चौथ्या मजल्यावर राहते म्हणून.

* * *

हिवाळ्यात आम्ही स्टेशनसमोर उभे राहिलो. सात माणसं, एक फलक, आवाज नाही. पोलीस आला. अदबीनं विचारलं, तुमचा पुढारी कोण?

ओकाबे-सान म्हणाले, आमच्यात पुढारी नसतो.

पोलिसाच्या वहीत पुढाऱ्याचा रकाना होता. तो मोकळा ठेवून त्याला जाता येईना. म्हणून तो थांबला. आमच्या रांगेच्या टोकाला, हात मागं बांधून, अर्धा तास. तेवढ्यात स्थानिक पेपरवाला फोटो काढून गेला. दुसऱ्या दिवशी छापलं: थंडीची पर्वा न करता आठ नागरिकांचं मूक आंदोलन.

* * *

मे महिन्यात आमदाराची वेळ मिळाली. गोरापान, पन्नाशीचा, कोटावर हिरवं पान टोचलेलं. खोलीत उकडत होतं. भिंतीवर चिठ्ठी होती, कूलर अठ्ठावीस डिग्रीवरच ठेवावा, पृथ्वीसाठी. दवाखान्यातून बऱ्या होऊन आलेल्या होशिनो-सान ती चिठ्ठी कौतुकानं बघत होत्या. ठेवायला कूलर असावा लागतो.

ओकाबे-साननी निवेदन दिलं आणि सगळे गप्प बसले. यांची सवय. समोरच्यालाही आतून काही येईल, त्याला वेळ द्यावा.

आमदाराला ही सवय माहीत नव्हती. तो म्हणाला, विषय महत्त्वाचा आहे. आम्ही गप्प. म्हणाला, पण घरबांधणी खातं वेगळं आणि हवामान खातं वेगळं. आम्ही गप्प. म्हणाला, या अधिवेशनात अवघड आहे. होशिनो-साननी मान लववली, आणि गप्प. त्यानं घाम पुसला. म्हणाला, बरं, निवेदन समितीपुढं ठेवतो. आम्ही बसलेलेच. म्हणाला, बरं, तिथं तीन मिनिटं बोलायलाही मिळवून देतो.

तेव्हा ओकाबे-सान उठले. बाहेर आल्यावर अस्मिता म्हणाली, "बाबा, अजून पाच मिनिटं बसलो असतो तर त्यानं कूलर काढून दिला असता."

मी म्हणालो, "मी तर उठलोच नव्हतो. पाय आखडला होता."

* * *

समिती जूनमध्ये भरली. ओकाबे-सान म्हणाले, मी सचिव, मी वाचतो. होशिनो-सान म्हणाल्या, जिना माझा आहे, मी बोलते. ज्या बाईनं आपलं एकटीचं नाव नको म्हणून ठराव पाच महिने लटकवला, तिनं हे म्हटल्यावर सगळ्यांची बोलती बंद झाली. म्हणजे होती तशीच राहिली.

दोन रविवार त्यांनी मंडळात वाचायची तालीम केली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. बरोबर दोन मिनिटं पन्नास सेकंद. त्या दिवशी त्या काळा ड्रेस घालून आल्या, गळ्यात मोत्यांची एक सर. इथं बायका मयताला जाताना असं घालतात, पण बाहेर घालायचा चांगला ड्रेस त्यांच्याकडं तेवढाच आहे.

मी आणि अस्मिता प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर. शिपायानं दोनदा बजावलं, टोपी काढा, टाळ्या नकोत, बोलायचं नाही. त्याला काय माहीत आम्ही कोण.

अध्यक्षांनी नाव पुकारलं. भिंतीवर लाल आकड्यांत तीन मिनिटं सुरू झाली. होशिनो-सान उभ्या राहिल्या. कागद उलगडला. बघितला. परत घडी घातली, हात पोटाशी जुळवले, आणि डोळे मिटले.

मला कळलं. आतून आलं नव्हतं. अस्मितानं माझं मनगट धरलं.

लाल आकडे पळत होते. अध्यक्ष खाकरले. कागद चाळल्याचा आवाज झाला, मग तोही थांबला. तेवढ्यात आमच्या आमदारानं खुर्ची मागं सरकवली आणि उभा राहिला. मान खाली, डोळे बंद. त्याच्या शेजारचा उठला. मग समोरची रांग उठली, मग दोन बाया, मग टिपणं घेणारे कारकून. अध्यक्षही उठले. दारातल्या शिपायानं टोपी काढली. सगळी समिती काळ्या ड्रेसमधल्या एवढ्याशा बाईसमोर मान घालून उभी. आम्हीही उठलो, बसून राहणं बरं दिसेना.

आकडे शून्यावर आले. घंटी वाजली. एका आमदारीणबाईनं रुमालानं डोळे टिपले. अध्यक्ष अगदी हलक्या आवाजात काहीतरी म्हणाले. अस्मितानं माझ्या कानात सांगितलं, "विचारतायत, कोण गेलं?"

होशिनो-साननी डोळे उघडले. एवढी माणसं आपल्यासमोर का उभी आहेत, ते बहुधा त्यांना कळेना.

"अजून कुणी नाही," त्या म्हणाल्या. "ऑगस्टला दोन महिने आहेत."