पिकू द्या

‘अजून थांबा’ एवढे दोन शब्द सांगायला आमच्या मामांइतका वेळ साऱ्या सातारा जिल्ह्यात दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरने घेतला नसेल. त्या काळी कराडला त्यांचा डोळ्यांचा दवाखाना होता आणि मोतीबिंदूच्या रुग्णांची यादी मी ठेवत असे: आत्ता, सुगीनंतर, पुढच्या वर्षी. मामा तिची रोज वाट लावत. मोतीबिंदू पुरता पिकल्याशिवाय तेव्हा काढत नसत. पण मामा डोळ्याआधी माणसाचं घर तपासत. ऊस तुटला का, म्हैस कधी विणार, शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर मान न हलवता पडून राहायचं, तर घास कोण भरवणार. एका पेन्शनर सुभेदाराला तर त्यांनी सुनेशी समेट करून या म्हणून परत पाठवलं. म्हणाले, “भांडताना मान हलते.”

माण तालुक्यातल्या एका धनगर आजींचा एक डोळा पूर्वीच गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू. मामा म्हणाले, “पिकू द्या, मग या.” दोन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा डोळा लालभडक, पापण्या चिकटलेल्या आणि कपाळावर सरकवलेल्या फडक्यातून गवताच्या काड्या बाहेर आलेल्या.

“हे काय केलंत, आजी?”

“आंब्यावानी आढी घातली. निजताना गवत बांधते. तुमीच म्हनलासा न्हवं, पिकू द्या?”

बाकावरची मंडळी हसली. मामा हसले नाहीत. बुबुळाला जखम झाली असती, तर उरलेला तो एकच डोळाही गेला असता. सूज उतरेपर्यंत शस्त्रक्रियेचं नाव काढायची सोय नव्हती. त्यांनी आजींना पडवीत ठेवून घेतलं आणि पंधरा दिवस दोन्ही वेळा स्वतः डोळा धुतला. “मी धुते,” असं मी म्हटलं तर म्हणाले, “शब्द माझा होता.”

आजी पडल्या पडल्या चिडवायच्या, “आंबा कवाच पिकला असता. डागदरच कच्चा निगाला.”

“व्हय, आजी,” मामा म्हणायचे.

पुढे शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा चढला, आणि आजी मामांकडे बघतच राहिल्या.

“आवं, आवाजावरनं तरणं वाटत हुतासा. लय थकलायसा की. तुमाला कोन बघतंय?”

मामांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. कधीपासून, ते मला सांगता आलं नसतं.