पुसायची परवानगी

हॉस्पिटलच्या स्कॅन विभागातले संगणक अक्का सांभाळायची. सगळे तिला अक्काच म्हणत, मोठे डॉक्टरसुद्धा. स्वभावाने शंकेखोर. घरून निघताना कुलूप ओढून बघायची आणि जिना उतरल्यावर परत वर जाऊन पुन्हा ओढायची. नवरा पार वैतागायचा.

त्या सोमवारी कंपनीने एक नवी सर्व्हिस बसवून दिली. पडद्यावर न दिसता मागच्या मागे चालणारा प्रोग्राम. सगळ्यांच्या सामायिक फोल्डरांतल्या स्कॅनच्या प्रती नव्या साठवणीत नेऊन ठेवायच्या, एवढंच तिचं काम. पण ती चालेना. अक्काने फोल्डर नुसते वाचायची परवानगी दिली होती, आणि सर्व्हिस दर वेळी तिथेच अडून बसत होती.

"मॅडम, फुल परमिशन द्या. सगळ्या फोल्डरांना," कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला.

"वाचायचंच आहे ना तिला? मग पुसायचा हक्क कशाला?"

"आम्ही सगळीकडे असंच करतो हो."

डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. "अक्का, बाहेर पेशंट खोळंबलेत. देऊन टाका एकदाची."

तिने दिली. सर्व्हिस लगेच सुरू झाली. डॉक्टर खूश होऊन गेले, अक्का मात्र परवानग्यांची यादी पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिली.

जेवणाचा डबा उघडतेय तोच तंत्रज्ञ दारात. "अक्का, जुने स्कॅन सापडत नाहीयेत."

तिने फोल्डर उघडलं. ते तिच्या डोळ्यांदेखत रिकामं होत होतं, ओळीमागून ओळ, अगदी शांतपणे. नवी साठवण केव्हाच भरली होती. तिथे काहीच पोचत नव्हतं, आणि सर्व्हिस मात्र पोचलं असं धरून मूळ पुसत चालली होती. अक्काने ती बंद केली. क्षणभरात ती आपोआप चालू झाली. पुन्हा बंद केली, पुन्हा चालू. शेवटी टेबलाखाली शिरून तिने संगणकाची केबलच उपटली.

पुढे दिवसरात्र खपून तिने बॅकअपमधून बरंच काही परत आणलं. सगळं नाही आलं.

काही दिवसांनी एक निवृत्त शिक्षिका लेकीला घेऊन आल्या. फुप्फुसातली गाठ गेल्या वर्षीच्या स्कॅनशी ताडून बघायची होती. डॉक्टर नव्या स्कॅनकडे बराच वेळ बघत राहिले.

"वाढलीय का हो?" बाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही. आधी केवढी होती, तेच आता आमच्याकडे नाही." डॉक्टरांनी चष्मा काढला. "गाठीचा तुकडा काढूनच तपासावं लागेल."

लेकीने आईचा हात घट्ट धरला. दाराशी उभ्या अक्काला आत जाववेना, की तिथून हलवेना.